पाहिलेला प्राणी

११ जानेवारी

प्रिय वहिनी,

बदली होऊन दीड महिना झाला. खोली बरी आहे. शेजारीण गाणं शिकते, ते बरं नाही. कामाचं म्हणशील तर इथले दुकानदार तिथल्यासारखेच आहेत. काल एकाच्या तराजूच्या पारड्याखाली लोहचुंबक चिकटवलेलं निघालं, आणि तो मलाच विचारतो, "बाई, हे कुणी लावलं असेल हो?" वजनमापं तपासणाऱ्या बाईला जग असंच भेटतं.

आता मुद्द्याचं. अकरा वर्षं आपण तिघं दर रविवारी तुमच्या जेवणाच्या टेबलावर खेळलो. मी गोष्ट रचणारी सूत्रधार, दादा योद्धा, तू हव्या त्या प्राण्याचं रूप घेणारी बहुरूपी. माझ्या बदलीने हा खेळ मोडायचा नाही, एवढं मी ठरवलंय. फोनवर मात्र खेळायचं नाही. फोनवर ठरलेलं दादाला फक्त सोयीपुरतं आठवतं. आपण पत्राने खेळू. मी प्रसंग लिहीन, तुम्ही काय करता ते कळवा. वीस बाजूंचा फासा तुमच्याकडेच आहे. दर वेळी तो वीसदा आगाऊ टाकून आकडे क्रमाने लिहून पाठव, लागतील तसे मी वापरीन; मोठा आकडा म्हणजे जमलं, लहान म्हणजे फसलं. फासा तूच टाक. दादाच्या हातून तो नेहमी टेबलाखाली जातो आणि तिथून वीसच होऊन वर येतो.

प्रसंग असा: योद्धा पकडला गेलाय. चेटकिणीच्या बुरुजाच्या मुख्य दाराने आत जाऊन "कोणी आहे का?" असं विचारल्यावर दुसरं काय होणार? तो आता तळघरात कैद आहे. बुरुजाभोवती खंदक, खंदकात गढूळ पाणी. बाहेर तू एकटी.

नियमांची वही माझ्यासोबत आली, म्हणून रूपपालटाचे नियम आठवणीसाठी पुन्हा लिहिते. रूप घेता येतं ते फक्त पाहिलेल्या प्राण्याचं, आणि तो खेळणाऱ्याने स्वतः पाहिलेला हवा, जिवंत, समोर. चित्रातला नाही, पडद्यावरचा नाही. हा नियम कुणाच्या देवमाशामुळे करावा लागला ते दादाला विचार. एक रूप चार तास. रूपात बोलता येत नाही. अक्कल आपलीच राहते, जेवढी असेल तेवढी. अंगावरचे कपडे, पिशव्या, हत्यारं रूपात विरून जातात आणि परतताना जशीच्या तशी मिळतात. रूपाचा जीव संपला की आपण पुन्हा आपण, आणि उरलेला घाव आपल्या अंगावर. सोन्याची नाणी होऊन कुणाच्या खिशात शिरता येत नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे आपल्याकडे जादूलाही लागू आहे.

तुझ्या यादीत आज सत्तेचाळीस प्राणी आहेत. निवड.

तुझी नणंद, काटा


२० जानेवारी

वन्सं, नमस्कार!

कागदावर तुम्हाला वन्सं म्हणायची आणि अहोजाहो करायची फार मजा येते. तोंडावर म्हटलं तर तुम्ही फासा फेकून माराल.

माझ्या रफूच्या दुकानात कोटांचे ढीग आहेत. थंडी आली की लोकांना कसरीने पाडलेली भोकं आठवतात. काल एक पशुवैद्य आले होते, त्यांच्या कोटाची बाही कुठल्याशा प्राण्याने खाल्लेली. मी म्हटलं, रफू म्हणजे जादू नव्हे, निदान थोडं तरी कापड उरायला हवं. ते म्हणाले, ज्याने खाल्लं त्याच्याकडे मागून बघतो.

तुमचा दादा विचारतो, कैदेत जेवायला काय देतात? इस्पितळाच्या स्वयंपाकघरात दिवसभर पातेली ढवळणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचत नाही.

मी कावळा होते आणि बुरुजाभोवती एक फेरी मारून येते. फासे: १४, ३, ११, १, १७, ८, २, २०, ५, १२, १६, ४, १३, १, १०, १९, ७, ३, १५, ८.

एक शंका आहे. वहीत हा नियम नाही. बहुरूपीच्या मूळ अंगाला काही दुखणं असलं, समजा चेटकिणीने डोळ्यांत राख टाकली, तर रूप घेतल्यावरही ते राहतं का? सहज विचारते.

वहिनी


२९ जानेवारी

प्रिय वहिनी,

एका पानावर सात ओळी! तुझे टाके दिसत नाहीत म्हणून तुझं नाव आहे, आणि अक्षर हे असं, रस्त्यापलीकडून वाचता येईल इतकं? पोस्टाला वजनाचे पैसे भरावे लागतात ते तू भरतेस म्हणून गप्प बसते.

कावळ्याने पाहिलं ते असं: दार एकच, पहारा चोख. पण खंदकाच्या पाण्याखाली एक लोखंडी जाळी आहे, तिच्या गजांमध्ये वीतभर अंतर. जाळीच्या आत पाण्याने भरलेली खोली, वरच्या बाजूला तळघर. पहारेकऱ्याच्या हातून कोठडीची किल्ली त्या पाण्यात पडलेली आहे, तळाच्या चिखलात. ती काढून कोठडीपर्यंत आणायची. दादाला सांग, जेवायला पातळ आमटी आणि शिळी भाकरी. म्हणजे घरच्यासारखंच.

तुझ्या शंकेचं उत्तर, आता वहीत लिहिलंय: रूपाला रूपाचे डोळे. सामान विरतं तसं दुखणंही विरतं, पण चार तासच. परत आलं की राख होती तिथेच. उसन्या डोळ्यांनी कुणाचा संसार चालत नाही. पण असले प्रश्न तुला का पडतात? माझी चेटकीण शिस्तीची आहे, राखबिख टाकत नाही.

आता कोणतं रूप?

काटा


१९ फेब्रुवारी

वन्सं,

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. काम होतं.

मी बेडूक होऊन जाळीतून आत जाते आणि किल्ली शोधते. बेडकाला ती उचलता आली नाही तर परत येऊन उंदीर होते आणि पहारेकऱ्याच्या पायांमधून जिन्याने उतरते.

फासे: ४, १२, १, १८, ७, ७, १३, २, १०, १५, ३, ११, २०, ५, १४, ८, १, १७, ४, १२.

उसन्या डोळ्यांचा नियम कळला.

वहिनी


२ मार्च

वहिनी,

बेडूक आत गेला, चौथ्या आकड्यापर्यंत किल्लीपाशी पोचला, पण पुढे ती त्याला उचलता आली नाही. उंदराला पहारेकऱ्याने झाडूने हाकललं. ते असो.

मला दुसरंच विचारायचंय, आणि मी ते आडून विचारणार नाही. काल संध्याकाळी मी तुझे चाळीस आकडे वहीत मांडले. सवय माझी. त्यांत एकही सहा नाही. एकही नऊ नाही. बाकीचा प्रत्येक आकडा कधी ना कधी पडलाय, हे दोनच नाहीत. मी पुन्हा मोजलं, मग माझ्या फाशाने चाळीसदा टाकून बघितलं. मला तीन सहा पडले, दोन नऊ.

लबाडी करणारा सहा लपवील, हे समजू शकतं. नऊ कशाला लपवील? आणि एक, दोन, तीन तू मुकाट्याने लिहिलेस. माझ्या डोक्यात हे बसत नाही. पण दुकानात काटा अडकलेला दिसला की मी कारण कळायची वाट बघत नाही, आधी वजनं बाजूला काढते.

अकरा वर्षांत मी तुझा फासा तपासला नाही. नको तो आकडा आला की तू फासा परत टाकतेस का? हो किंवा नाही, एवढंच लिही. नाही लिहिलंस तर मान्य करीन. हो असेल तर खेळ इथेच थांबवू या. तुझ्या शब्दाशिवाय हा खेळ पत्राने होण्यासारखा नाही.

काटा


६ मार्च

काटे,

तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. अर्ध्यावर थांबलो आणि म्हटलं, पुढे नुसती तब्येतीची चौकशी आहे. ती म्हणाली, "काटा कधीपासून तब्येतीची चौकशी करायला लागली? वाच."

वाचलं सगळं. ती उठली. दुकानात जाऊन बसली.

तू चुकलीस एवढंच सांगतो. बाकीचं ती सांगेल तेव्हा सांगेल, मी तिला शब्द दिलाय. मी तिला वाचून का दाखवतो, याचा मात्र तू एकदा विचार कर. माझ्याकडून हे नकळत लिहिलं गेलं असं समज.

दादा


११ मार्च

प्रिय काटा,

हो. टाकते परत.

आज अहोजाहो नाही. हे तुला 'तू' म्हणूनच सांगायला हवं.

गेल्या उन्हाळ्यापासून माझ्या डोळ्यांचं मधलं दिसणं जात होतं, तुझ्या बदलीनंतर पारच गेलं. कडेचं दिसतं. माणूस समोर उभा राहिला की त्याचे कान दिसतात, चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. दोन्ही डोळ्यांना तेच आहे. डॉक्टर म्हणाले, कडेचं राहील, मधलं परत येणार नाही. दोन डॉक्टरांना विचारलं, दोघांनी तेच सांगितलं. हे पत्र मी पुठ्ठ्याला खाचा पाडून, खाचेत बोट ठेवून लिहिते. म्हणून सात ओळी.

फासा मी बोटाने वाचते. आकडे कोरलेले आहेत, त्यामुळे जमतं. इंग्रजी सहा आणि नऊ मात्र एकमेकांचीच उलटी रूपं. खाली एक टिंब असतं त्यावरून ओळखायचं, आणि आपल्या फाशावरचं टिंब अकरा वर्षांत झिजून गेलंय. सोळा आणि एकोणीस कळतात, एकावरून दिशा लागते. नुसता सहा की नुसता नऊ ते कळत नाही. खोटा आकडा लिहायचा नव्हता म्हणून परत टाकला. तुझ्या दादाला विचारलं असतं तर त्याने वाचून दिला असता. पण फासा माझा होता, मला तो माझ्याच हाताने वाचायचा होता. तुला न विचारता परत टाकला, ही माझी चूक आहे.

तुला सांगितलं का नाही, हे तू विचारशील. दुकानाचं मी सोसलं. बारीक कापडाचं काम बंद केलं, जाड लोकरीचं हातांना कळतं तेवढं घेते. एका गिऱ्हाइकाने बाही परत आणून टेबलावर ठेवली, टाके दिसत होते म्हणून. घरी येऊन रडले आणि झोपले. पण खेळात मी अजून काहीही होऊ शकत होते. कावळा, बेडूक, काहीही. आणि तुझा पहिलाच नियम काय? स्वतः पाहिलेला प्राणी. म्हणजे माझी यादी सत्तेचाळीसवर संपली. तुला कळलं की तू वहीत तसं लिहिणार, कारण तू तू आहेस. ते एक दार तुझ्या हातून बंद व्हायला नको होतं मला. म्हणून लपवलं. दुसरं काही कारण नाही.

आता एक सांगते आणि तुझ्यावर सोडते. बाही खाल्लेल्या कोटाचे ते पशुवैद्य परत आले होते. बाही ज्याने खाल्ली ते एक पोरकं पाणमांजर आहे, त्यांच्या दवाखान्यात बाटलीने दूध पिऊन वाढलेलं. मी म्हटलं, गुन्हेगाराला भेटायचंय. काल घेऊन गेले.

आधी मी त्याचा वास घेऊन पाहिला: ओल्या घोंगडीचा, थोडा माशांचा. मग पाठीवरून हात फिरवून पाहिला. वरचे केस भरड आणि तेलकट, पाणी त्यांच्यावरच अडतं. ते केस बोटांनी उलटे करून पाहिले तर खाली दुसरं अस्तर, इतकं दाट की बोट कातडीपर्यंत पोचेना, आणि ते कोरडं ठणठणीत. मी तीस वर्षं कापड हाताळते, असं दुहेरी विणकाम मला कुणी दाखवलं नव्हतं. शेपूट हातावर तोलून पाहिलं, बुडाशी मनगटाएवढं जाड आणि सगळं स्नायूंचं. मिशा ताठ, ब्रशसारख्या. वैद्य म्हणाले, गढूळ पाण्यात हे डोळ्यांवर विसंबत नाही, मिशांनी मासा शोधतं. तेवढ्यात त्याने माझा अंगठा चावून पाहिला आणि सोडून दिला.

नजरेला त्याचा काळा लांबोडा डागच दिसला, तोही कडेने. आता सूत्रधार तू आहेस. हा प्राणी नियमात बसतो की नाही ते तू ठरव. मात्र दया म्हणून हो म्हणू नकोस. मापात बसत नसेल तर नाही म्हण, मी पुन्हा बेडूक होईन.

वहिनी


२३ मार्च

प्रिय वहिनी,

दादा, हे वाचताना कुठेही थांबायचं नाही, आणि तब्येतीची चौकशी या पत्रात खरोखरच आहे.

 तुझ्यावर लबाडीचा संशय घेतला, त्याची मला लाज वाटते. उसन्या डोळ्यांचं जे लिहिलं त्याची जास्त वाटते. तू ते ऐकलंस आणि "नियम कळला" एवढंच लिहिलंस. मी शब्दांना फार जपते असं मिरवते, आणि तुझ्या पानावरच्या सात ओळी मला मोजूनही कळल्या नाहीत. क्षमा कर. डॉक्टर काय सांगतात ते दर वेळी मला कळव, आणि मोठ्या अक्षरात कळव. कितीही पानं होऊ देत.

आता निकाल. दया नको म्हणालीस, म्हणून मी आधी नाही म्हणायचं कारण शोधत होते. नियमात शब्द काय आहे? पाहिलेला. मी वही उघडून तो शब्द वाचला, मग तुझा पाणमांजराचा परिच्छेद वाचला. वास घेऊन पाहिला. हात फिरवून पाहिला. केस उलटे करून पाहिले. शेपूट तोलून पाहिलं. तू त्याला चार वेळा पाहिलंयस वहिनी, आणि एकदा त्याने तुला. आपल्या यादीतला डोंगरी गरुड तू किती पाहिला होतास? सहलीला गेलो तेव्हा वर एक ठिपका होता आणि दादा म्हणाला, "गरुड!" तो मी विनातक्रार लिहून घेतला.

मी स्वतः दिवसभर काय करते? वजन हातात घेऊन पाहते. दुकानात शिरले की आधी उचलून पाहते, मग काट्यावर ठेवते, आणि हाताला संशय आला तर काटा बहुतेक वेळा हाताच्या बाजूने बोलतो. डोळ्यांनी वजन पाहणारा निरीक्षक मी अजून बघितलेला नाही.

तेव्हा नियम बदललेला नाही. तो आधीपासून हाच होता, मीच नीट वाचला नव्हता. वहीत खुलासा जोडलाय: पाहिलेला म्हणजे डोळ्यांनी, हातांनी, नाकाने किंवा कानांनी पाहिलेला, जिवंत, समोर. यादीत अठ्ठेचाळीसावा: पाणमांजर. देवमासा अजूनही नाही, दादा.

सोबत नवा फासा पाठवते. चार आणले होते. मिठाच्या पाण्यात तरंगवून, बोटाने फिरवून पाहिले. तिघांची एकच बाजू सारखी वर येत होती, ते बाद केले. चौथा खरा निघाला. वजनांवर छाप मारायची बारीक टोची ऑफिसात असते, तिने सहाच्या खाली एक टोचा मारला आणि तोल गेला नाही ना म्हणून पुन्हा तरंगवला. गेला नाही. आता टोचा लागला तर सहा, नाही लागला तर नऊ.

पाणमांजर जाळीतून आत गेलं असं मी धरते, वीतभर फट त्याला पुरते. आत काळोख, पाणी गढूळ, तळाला चिखल. किल्ली शोधून वर कोठडीपर्यंत न्यायला आठ किंवा जास्त हवेत. या वेळी वीस फासे नकोत. एकच टाक.

तुझी काटा


२ एप्रिल

वन्सं,

फासा पोचला. तुमच्या दादाने पाकीट उघडताना तो टेबलाखाली पाडलाच. मी म्हटलं, हा टाकलेला धरायचा नाही.

तुमचं पत्र त्याने अखंड वाचलं, फक्त गरुडापाशी थांबून म्हणाला, "गरुडच होता तो." मी दोनदा वाचायला लावलं. तब्येत बरी आहे. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात बोलावलंय. पशुवैद्यांनी परवा येऊन सांगितलं की त्यांच्याकडे पंख मोडलेलं घुबड आलंय, आणि कोट कुरतडलेला नसला तरी या. जाईन म्हणते. कोटाची बाही मात्र नवीनच लावावी लागली.

आणि दुकानाच्या पाटीवर मी एक ओळ वाढवून घेतली: जाड लोकरीचं काम इथे हाताने पाहून केलं जातं. रंगाऱ्याने विचारलं, 'पाहून' कशाला? म्हटलं, तुम्ही लिहा, नियमात बसतं.

आता खेळ. रविवारी दुपारी जेवणाचं टेबल रिकामं केलं. मी पाणमांजर झाले. कपडे विरले, टाचणी-सुई विरली, पुठ्ठाही विरला. गजांमधून अंग आत काढलं. डोळे मिटून घेतले, तसेही तिथे उपयोगाचे नव्हते. मिशा पुढे केल्या आणि तळाने निघाले. दगड, गाळ, एक जुना बूट, पुन्हा गाळ. तुमचा दादा इतका गप्प बसला होता की मला वाटलं तो खरोखरच कैदेत आहे.

मग फासा टाकला. टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला. मी वरच्या बाजूवर बोट ठेवलं. एक पोट, एक वळण. पूर्वी असं लागलं की हात उचलून परत टाकायचे. या वेळी बोट खाली सरकवलं आणि टोचा लागला.

तुमचा दादा म्हणाला, "नऊ आहे ना? सांग नऊ!" तो खुर्चीवरून अर्धा उठला होता. त्याला आणखी महिनाभर तुमची पातळ आमटी खावी लागणार. पहारेकऱ्याला पाण्यात खळबळ ऐकू आली असणार, मला किल्ली सोडून पळावं लागणार, आणि पुढे काय ते तुम्ही लिहालच. मला त्याचं काही वाटलं नाही. मी फासा मुठीत धरून बराच वेळ हसत बसले.

वहीत मांडा, वन्सं. सहा.

वहिनी